वाचकांचे प्रश्न : स्क्रीन काळी झाली म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलेच का?

डेस्कटॉप संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या पत्रातली तक्रार इतरही अनेकांनी थोड्याफार फरकाने लिहिली आहे, म्हणून तिचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करण्याचा माझा व्यवसाय आहे. तीन वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या संगणकावर काम करताना अलीकडे स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते, मग परत येते आणि डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते व तो आता पूर्ववत झाला आहे, असा संदेश दिसतो. कधी कधी एडिटिंगचे सॉफ्टवेअरच बंद पडते. ड्रायव्हर नव्याने टाकून पाहिला, पण फरक पडला नाही. कार्ड गेले आहे, नवे घ्या, असे दुकानदार सांगतात. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष कशात आहे हे घरच्या घरी कळू शकते का?
एक वाचिका, सांगली

उत्तर : बऱ्याच अंशी कळू शकते, आणि ते कळेपर्यंत नवे कार्ड घेऊ नका.

आधी त्या संदेशाचा अर्थ पाहू. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणारे सॉफ्टवेअर. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डावर लक्ष ठेवणारी एक यंत्रणा आहे. कार्डाला दिलेले काम दोन सेकंद अडून राहिले आणि कार्ड ते मध्येच सोडूनही देत नसेल, तर कार्ड अडकले असे विंडोज धरून चालते, त्याला रिसेट करते आणि काम पुन्हा सुरू करून देते. स्क्रीन काळी होते ती याच वेळी. एका मिनिटात हा प्रकार पाचापेक्षा जास्त वेळा घडला, तर विंडोज हात टेकते आणि निळी स्क्रीन येते. तेव्हा तो संदेश एवढेच सांगतो की कार्डाकडून वेळेत उत्तर आले नाही. का आले नाही, हे त्याला ठाऊक नसते. ड्रायव्हरमधली चूक, तापलेले कार्ड, कमी पडणारा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), बिघडलेली रॅम, इतकेच काय पण प्रोसेसरमधला दोषसुद्धा त्याच संदेशाच्या रूपाने समोर येऊ शकतो. केवळ त्या संदेशावरून कार्ड गेले असा निर्वाळा देणे म्हणजे ताप आला एवढ्यावरून रोगाचे नाव सांगण्यासारखे आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे नोंदी पाहणे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या घटनेची नोंद ४१०१ या क्रमांकाने सापडते आणि तिच्यात ड्रायव्हरचे नाव असते. एनव्हीडियाच्या कार्डावर ते एनव्हीएलडीडीएमकेएम असे दिसते, एएमडीच्या कार्डावर बहुधा एएमडीकेएमडीएजी असे. त्या अक्षरांचा इंटरनेटवर शोध घेत बसण्यात काही हशील नाही, कारण ते फक्त ड्रायव्हरच्या फाइलचे नाव आहे. महत्त्वाची आहे ती तारीख आणि वेळ. स्टार्ट मेनूमध्ये ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. त्यात दिवसागणिक काय बिघडले आणि त्या दिवशी काय इन्स्टॉल झाले, हे एकाखाली एक दिसते. ज्या आठवड्यात पहिली लाल खूण आली, त्याच आठवड्यात विंडोजने आपणहून एखादा डिस्प्ले ड्रायव्हर टाकला आहे का, हे तिथे पाहा. विंडोज अपडेट असे अनेकदा करते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

त्यानंतर स्क्रीन नेमकी केव्हा काळी होते, याकडे लक्ष द्या. निवांतपणे ब्राउझर चालू असताना किंवा साधा व्हिडिओ पाहताना असे होत असेल आणि जड कामात होत नसेल, तर संशय ड्रायव्हरवर, ब्राउझरच्या हार्डवेअर ॲक्सिलरेशनवर (काम कार्डाकडे सोपवणाऱ्या सेटिंगवर) किंवा मॉनिटरच्या केबलवर घ्यावा. जड काम सुरू करून दहा-पंधरा मिनिटे झाल्यावर होत असेल, तर कार्ड तापत असावे. स्क्रीन काळी न होता अख्खा संगणकच एका क्षणात बंद पडत किंवा रीस्टार्ट होत असेल, तर एसएमपीएस आधी तपासावा. आणि रंगीत चौकोन, पट्टे किंवा ठिपके दिसत असतील, तर ते विंडोज सुरू होण्यापूर्वी, बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) स्क्रीनवरही दिसतात का, हे अवश्य पाहा. त्या टप्प्यावर विंडोजचा ड्रायव्हर सुरूच झालेला नसतो. मॉनिटर आणि केबल बदलूनही तिथे पट्टे दिसत राहिले, तर दोष कार्डाच्या हार्डवेअरमध्ये, बहुतेक वेळा त्याच्या मेमरीमध्ये, आहे हे जवळपास निश्चित होते आणि मग ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नसतो.

एसएमपीएसविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण आपल्याकडे असेंबल केलेल्या संगणकात सर्वांत आधी काटकसर होते ती तिथेच. आधुनिक कार्ड सरासरी जितके वॅट घेते त्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ते काही मिलिसेकंदांपुरती ओढते. आकडा पुरेसा दिसत असूनही एसएमपीएस त्या झटक्याला कमी पडू शकतो. याच कारणासाठी २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने अत्यल्प काळ स्वतःच्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतचा झटका सोसला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. तुमच्या कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट असतील, तर कॅबिनेट उघडून पाहा. पुष्कळदा एकाच केबलच्या दोन फाट्यांवर दोन्ही सॉकेट जोडलेले आढळतात. एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबल आणून जोडल्यावर महिनोन्महिन्यांची तक्रार थांबल्याची उदाहरणे आहेत, आणि त्याला खर्च काहीच येत नाही. इन्व्हर्टरवर किंवा स्वस्त यूपीएसवर असतानाच त्रास होतो का, तेही टिपून ठेवा.

आता प्रोसेसरबद्दल. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर अनेकांना गेम सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ अशा अर्थाचा संदेश येऊ लागला. कार्डावर भरपूर मेमरी शिल्लक असतानाही तो येत असे. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डे बदलली. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरमध्ये होता. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे त्याच्या आतल्या एका भागाची झीज होत होती. गेम सुरू होताना शेडर, म्हणजे कार्डाने चित्र रंगवण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्राम, तयार करण्याचे काम प्रोसेसरच करत असल्यामुळे चुका त्या वेळी उघड होत आणि नाव मात्र व्हिडिओ मेमरीचे येई. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. परंतु झालेली झीज दुरुस्तीने भरून येत नाही, तिथे प्रोसेसरच बदलून घ्यावा लागतो. तीन वर्षांपूर्वीच्या असेंबल्ड संगणकात यातला प्रोसेसर असण्याची शक्यता बरीच आहे. तसा तो असेल, तर मदरबोर्डचा बायोस अद्ययावत आहे का ते आजच पाहा. रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारी एक्सएमपी सेटिंगही काही दिवस बंद ठेवून पाहावी.

एवढे करूनही निदान झाले नाही, तर एक साधी चाचणी उरते. कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमधून त्याचा कोअर क्लॉक (चिपचा वेग) पन्नास ते शंभर मेगाहर्ट्‌झने कमी करा आणि नेहमीचे काम करा. त्रास थांबला, तर कंपनीने ठरवलेल्या वेगाला ते कार्ड आता टिकत नाही, असे समजावे आणि वॉरंटी शिल्लक असल्यास तीच तक्रार लेखी नोंदवावी. ड्रायव्हर आणि हार्डवेअर यांच्यातली सीमा इथे धूसर होते, हेही खरे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हीडियाचे आरटीएक्स ३०८० बाजारात आले तेव्हा अनेकांचे गेम मध्येच बंद पडत. काही कार्डांवरच्या कपॅसिटरांच्या रचनेवर बोट ठेवले गेले, पण त्या महिन्याअखेरीस आलेल्या ४५६.५५ या ड्रायव्हरने बहुतेकांचा त्रास गेला, कारण त्याने क्लॉक वर चढण्याची पद्धत थोडी सौम्य केली होती.

विंडोजची दोन सेकंदांची मर्यादा रजिस्ट्रीतून (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातून) वाढवा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. काही थ्री-डी सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी तो दिलेला आहे, आणि एकेक काम खरोखर लांबणारे असेल तिथे तो योग्यही आहे. तुमच्या बाबतीत मात्र त्याने फक्त काळ्या स्क्रीनची वाट जास्त वेळ पाहावी लागेल. तुम्ही ड्रायव्हर बदलून पाहिलेला आहे आणि कार्ड तीन वर्षे रोज कामात आहे, तेव्हा मी आधी पंख्यांवरची धूळ आणि तापमान पाहीन, मग केबल, मग प्रोसेसरची पिढी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन दिवस काम करून मगच पुढच्या गोष्टीला हात लावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून नवा संगणक घेणार आहे. एएमडीच्या कार्डांचे ड्रायव्हर खराब असतात, एनव्हीडियाच घे, असे सगळे मित्र सांगतात. यात तथ्य किती?
एक वाचक, नाशिक

उत्तर : ही समजूत एका विशिष्ट काळातून आलेली आहे आणि त्या काळापुरती ती बरोबर होती. जुलै २०१९ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ५७०० एक्सटीवर काळ्या स्क्रीनच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की फेब्रुवारी २०२० मधल्या २०.२.२ या ड्रायव्हरमध्ये एएमडीला त्याच एका विषयावर दुरुस्त्यांची मोठी यादी द्यावी लागली. कार्ड विकत घेतलेल्या माणसाने सात महिने वाट पाहावी, हे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नव्हते.

परंतु दुसऱ्या बाजूचा इतिहासही निर्मळ नाही. विंडोज व्हिस्टाविषयीच्या अमेरिकेतल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, त्यांत २००७ मधल्या नोंदलेल्या क्रॅशपैकी २८ टक्क्यांहून अधिक क्रॅश एनव्हीडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते आणि एटीआयच्या, म्हणजे आताच्या एएमडीच्या, नावावर सुमारे ९ टक्के. तो आकडा आजही फेकला जातो, पण कोणाची किती कार्डे तेव्हा वापरात होती, हे त्यात धरलेले नव्हते, त्यामुळे त्यावरून कंपन्यांची तुलना करणे योग्य नाही. अलीकडची गोष्ट घ्यायची, तर जानेवारी २०२५ अखेर आरटीएक्स ५० मालिका आली आणि तिच्यासोबतच्या ५७२ मालिकेतल्या ड्रायव्हरांनी काळ्या स्क्रीनचा उपद्रव सुरू केला. जुन्या मालिकांची कार्डे वापरणारे अनेकजण डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ या आवृत्तीकडे परत गेले. एप्रिलमध्ये ५७६.०२ ही आवृत्ती आली तेव्हा तिच्या दुरुस्त्यांची यादी नेहमीपेक्षा कितीतरी लांब होती. आरटीएक्स ५० मालिकेतल्याच काही कार्डांत तर चिपमधले काही घटक कमी निघाले. एनव्हीडियाने असे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे सांगून ती कार्डे बदलून देण्याची व्यवस्था केली.

हार्डवेअरच्या बाजूलाही दोघांचे हिशेब असेच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या एएमडीने स्वतः रचना केलेल्या काही कार्डांत कूलरच्या आत पुरेसे पाणी भरलेले नव्हते, त्यामुळे चिपचा एक भाग ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापून कार्ड मंदावत असे. त्याच्या दोन महिने आधी आलेल्या आरटीएक्स ४०९० चा सोळा पिनांचा पॉवर कनेक्टर वितळल्याची छायाचित्रे जगभर फिरली. प्लग पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे मुख्य कारण असल्याचे एनव्हीडियाने सांगितले. माझ्या मते हा दोष वापरणाऱ्यावर ढकलणे अन्यायाचे होते, कारण प्लग नीट बसला नाही हे हाताला जाणवूच नये, ही रचनेतलीच उणीव आहे. पुढे आलेल्या सुधारित कनेक्टरमध्ये कार्डाला इशारा देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या गेल्या, म्हणजे प्लग अर्धवट राहिला तर कार्ड वीज ओढतच नाही. असे कार्ड घेतलेच, तर प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसत नाही ना, हे विजेरीच्या उजेडात बाजूने पाहा आणि केबल प्लगच्या अगदी जवळ वाकवू नका.

इंटेलच्या आर्क कार्डांचेही तसेच झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ए७७० आले तेव्हा डायरेक्टएक्स ९ चे जुने गेम त्यावर रडतखडत चालत. पुढच्या काही महिन्यांच्या ड्रायव्हरांनी ते लक्षणीय सुधारले.

या सगळ्यातून माझे मत असे बनले आहे की कंपनीपेक्षा कार्डाचे वय जास्त सांगून जाते. चिपची नवी रचना बाजारात आल्यानंतरचे पहिले सहा-आठ महिने सर्वांत अस्थिर असतात, मग ती कोणाचीही असो. तुम्हाला परवडत असलेल्या किमतीत वर्षभर जुनी झालेली मालिका निवडा. एनव्हीडिया किंवा एएमडी फक्त चिप करतात आणि बाजारातली बहुतेक कार्डे, म्हणजे कूलर, पंखे आणि वीज पुरवणारे घटक, वेगळ्या कंपन्या बनवतात, हेही विसरू नका. त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये आहे की कार्ड कुरिअरने मुंबईला पाठवावे लागेल, आणि बदली कार्ड येईपर्यंत मध्ये किती आठवडे जातात, हे विक्रेत्याला खरेदीपूर्वी विचारा. तुमच्या अभ्यासक्रमात कूडावर, म्हणजे गणनेसाठी कार्ड वापरण्याच्या एनव्हीडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर, चालणारे सॉफ्टवेअर असेल, तर मात्र प्रश्न स्थिरतेचा राहत नाही, तिथे एनव्हीडियाच घ्यावे लागेल.

प्रश्न : मी वास्तुविशारद आहे. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आल्याची सूचना सतत येत असते. प्रत्येक वेळी ती घ्यावी का? आणि जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाकण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरावे लागते, हे खरे का?
एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : प्रत्येक वेळी घेऊ नये. ड्रायव्हरच्या बहुतेक नव्या आवृत्त्या एखाद्या नव्या गेमसाठी निघतात आणि तो गेम तुम्ही खेळत नसाल, तर त्यातले बदल तुमच्या कामाचे नसतात, धोका मात्र तुमच्याही वाट्याला येतो. मार्च २०१० मध्ये एनव्हीडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण काही कार्डांवर त्याने पंख्यांचे नियंत्रण बिघडवले होते. मार्च २०१६ मध्ये ३६४.४७ टाकल्यावर काहींचे संगणक सुरूच होईनात. या दुसऱ्या ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टचे प्रमाणपत्र होते. ते प्रमाणपत्र म्हणजे ठरावीक चाचण्या पार झाल्याची पावती असते, तुमच्या संगणकावर तो नीट चालेल याची हमी तिच्यात नसते.

तुमच्यासारख्या व्यावसायिकाने एनव्हीडियाचे कार्ड असल्यास स्टुडिओ ड्रायव्हर (गेमऐवजी व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठीचा) आणि एएमडीचे असल्यास ‘रेकमेंडेड’ असा शिक्का असलेली आवृत्ती घ्यावी, ‘ऑप्शनल’ घेऊ नये. तुमच्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने तपासून मान्य केलेल्या ड्रायव्हरांची यादी दिली असेल, तर तीच प्रमाण माना. आवृत्ती बदलण्याची कारणे तीनच : सुरक्षेतील त्रुटी बुजवणारी आवृत्ती आली असेल, तुम्हाला सध्या होणारा त्रास दुरुस्त्यांच्या यादीत नावानिशी असेल, किंवा तुमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ती मागत असेल. यातली सुरक्षेची आवृत्ती टाळू नका. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे त्यातली त्रुटी संपूर्ण संगणक उघडा पाडू शकते. ज्या आवृत्तीवर काम सुरळीत चालले आहे तिची इन्स्टॉलर फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवा आणि नकाशे सादर करण्याच्या आठवड्यात कशालाही हात लावू नका.

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे सॉफ्टवेअर उपयुक्त आहे, पण दर वेळी त्याची गरज नसते. एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे लावले किंवा साध्या मार्गाने ड्रायव्हर बदलूनही त्रास कायम राहिला, तर ते वापरा. त्यात लोक चुकतात ते क्रमात. हवा असलेला ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, मग इंटरनेट तोडा, संगणक सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक गोष्टींसह) सुरू करून जुना ड्रायव्हर काढा, रीस्टार्ट करून नवा टाका आणि त्यानंतरच इंटरनेट जोडा. नेट चालू राहिले, तर रीस्टार्ट होताक्षणी विंडोज स्वतःचाच एखादा ड्रायव्हर आणून बसवते आणि सगळी मेहनत वाया जाते. सर्व ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करून देण्याचे आश्वासन देणारी इतर सॉफ्टवेअर मात्र संगणकावर येऊच देऊ नका.

प्रश्न : मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मायनिंगसाठी वापरलेले कार्ड स्वस्तात मिळत आहे. घ्यावे का?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मायनिंग म्हणजे संगणकाकडून अखंड गणिते करून घेऊन आभासी चलन मिळवणे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचे त्याचे मायनिंग थांबले, तेव्हा अशी असंख्य कार्डे बाजारात आली. मायनिंगने चिप लगेच मरत नाही. तापमान वारंवार वर-खाली होण्यापेक्षा एकसारखे राहणे सोल्डरच्या जोडांना कमी जाचक असते. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या), आणि ते बदलता येतात. तेव्हा दुकानातच कार्ड लावून अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून दाखवायला सांगा, पंख्यांचा आवाज ऐका, मेमरीचे तापमान पाहा आणि कार्डाचे बायोस बदललेले नाही याची खात्री करून घ्या. मूळ बिल आणि सीरियल नंबरवरची शिल्लक वॉरंटी नसेल, तर किंमत त्या हिशेबानेच ठरवा. तुम्ही समुद्रकाठी राहता, म्हणून मागच्या पट्टीवर गंज आणि सोनेरी संपर्कांवर हिरवट-काळे डाग आहेत का, तेही बघा. असे डाग असलेले कार्ड आधीच दमट खाऱ्या हवेत राहिलेले असते, ते घेऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे जीटीएक्स १०६० आहे. त्याचे ड्रायव्हर बंद झाले असे कळले. आता ते टाकून द्यावे का?
एक वाचक, मडगाव

उत्तर : टाकून देण्याचे कारण नाही. या पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरली आणि ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे बदल थांबले, परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी देण्याचे एनव्हीडियाने जाहीर केले आहे. त्या तेवढ्या घेत राहा. तुमचे विंडोज १० असेल, तर आधी त्याकडे पाहा, कारण त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.